जुना चित्रनलिका दूरचित्रवाणी संच सुरक्षितपणे उघडणे

चित्रनलिका दूरचित्रवाणी संच म्हणजे ज्यात चित्र उमटविण्यासाठी ऋणाग्र किरण नलिका वापरलेली असते असा जुन्या पद्धतीचा, मागे खोल पेटी असलेला दूरचित्रवाणी संच होय. या नलिकेला व्यवहारात ‘पिक्चर ट्यूब’ आणि संचाला ‘ट्यूबचा टीव्ही’ किंवा ‘डब्बा टीव्ही’ असे म्हटले जाते. साफसफाई, किरकोळ दुरुस्ती, शालेय प्रयोग, जुन्या वस्तूंचा संग्रह किंवा रिकाम्या पेटीचा अन्य उपयोग अशा कारणांनी हे संच आजही घरोघरी उघडले जातात. वीजजोडणी काढून टाकल्यावर बहुतेक घरगुती उपकरणे निर्धोक होतात. चित्रनलिकेचा संच मात्र तसा होत नाही. त्याच्या आत दोन निरनिराळ्या ठिकाणी विद्युतभार साठून राहतो आणि खुद्द नलिका निर्वात असल्यामुळे तिच्यावर हवेचा प्रचंड दाब असतो. त्यामुळे असा संच उघडण्यापूर्वी धोका नेमका कोठे आहे, हे जाणून घेणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये ऋणाग्र किरण नलिकेवर आधारित दोलनदर्शक तयार केला. याच तत्त्वावर पुढे दूरचित्रवाणीची चित्रनलिका विकसित झाली. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण दिल्ली येथून १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले आणि त्यानंतर महाराष्ट्रातील घरांत कृष्णधवल संच दिसू लागले. सरकत्या लाकडी दारांच्या कपाटवजा पेटीतील हे संच त्या काळी घराच्या प्रतिष्ठेचे चिन्ह मानले जात. १९८२ मध्ये रंगीत प्रसारण सुरू झाल्यावर रंगीत संचांचा प्रसार वाढला. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चपट्या पडद्याच्या संचांनी त्यांची जागा घेतली. तरीही माळ्यावर, अडगळीच्या खोलीत किंवा गावाकडच्या घरी पडून असलेल्या जुन्या संचांची संख्या मोठी आहे. हे संच दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची पिढी ओसरत चालली असल्यामुळे अननुभवी व्यक्तीने स्वतःच पेटी उघडण्याचे प्रसंग वाढले आहेत.

अंतर्रचना

संचाच्या पुढील बाजूस नलिकेचा जाड काचेचा पडदा असतो. त्यामागे नलिका फनेलसारखी निमुळती होत जाते आणि शेवटी तिची बारीक मान येते. मानेत इलेक्ट्रॉनांचा झोत निर्माण करणारी यंत्रणा असते. मानेच्या टोकावर एक लहान विद्युतफलक बसविलेला असतो. मान व फनेल यांच्या सांध्यावर तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांचे जे कडे दिसते, त्यास ‘योक’ म्हणतात. झोताला आडवे-उभे वळविण्याचे काम ते करते. रंगीत संचात पडद्याच्या कडेभोवती आणखी एक जाड वेटोळे असते. पडद्यावर नकळत आलेले चुंबकत्व घालविण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

पेटीच्या तळाशी मुख्य विद्युतफलक असतो. दुरुस्तीच्या दुकानांत यास ‘किट’ असे नाव आहे. किटवर चौकोनी ठोकळ्यासारखे एक रोहित्र असते. कारागीर त्यास ‘ई.एच.टी.’ किंवा ‘फ्लायबॅक’ म्हणतात. त्यातून निघालेली जाड लाल किंवा काळी तार नलिकेच्या वरच्या किंवा बाजूच्या भागावर रबरी टोपीखाली जोडलेली असते. हे नलिकेचे धनाग्र होय. नलिकेच्या फनेलवर बाहेरून काळपट लेप दिलेला असतो आणि त्यास टेकून एक उघडी, विणलेली धातूची तार ताणून बसविलेली असते. हा लेप आणि ही विणलेली तार यांचे स्थान संच उघडणाऱ्याने प्रथम ओळखावे, कारण पुढील सर्व कृती त्यांवर अवलंबून आहे.

साठलेला विद्युतभार

नलिकेतील विद्युतभार

फनेलच्या आतील आणि बाहेरील बाजूंवर विद्युतवाहक लेप असतात व त्यांच्यामध्ये काच असते. दोन वाहकांमध्ये एक विसंवाहक आला की धारित्र, म्हणजे बाजारातील भाषेत कपॅसिटर किंवा कंडेन्सर, तयार होतो. अशा रीतीने संपूर्ण चित्रनलिका स्वतःच एक धारित्र बनते. लहान कृष्णधवल संचात धनाग्रावर सुमारे १० ते १५ हजार व्होल्ट आणि रंगीत संचात सुमारे २० ते ३० हजार व्होल्ट इतका विद्युतदाब असतो. संच बंद केल्यावर हा दाब हळूहळू उतरतो. काही रोहित्रांत तो उतरविण्यासाठी आतच रोधकाची सोय असते, काहींत नसते. काच उत्तम विसंवाहक असल्यामुळे वीज तोडल्यानंतर काही तासच नव्हे, तर काही दिवसही भार टिकून राहिल्याचे आढळते.

मुख्य धारित्रातील विद्युतभार

किटवर, वीज आत येते त्या भागात, अंगठ्याएवढे किंवा त्याहून जाड नळकांडे उभे असते. हे संचाचे मुख्य धारित्र होय. घरातील २३० व्होल्ट प्रत्यावर्ती विजेचे एकदिश विजेत रूपांतर झाल्यावर या धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट दाब येतो. हा आकडा नलिकेच्या दाबापुढे क्षुल्लक वाटतो आणि येथेच अनेकांची फसगत होते.

धारित्रात साठलेली ऊर्जा केवळ दाबावर नव्हे, तर त्याच्या धारकतेवरही अवलंबून असते. रंगीत संचाच्या नलिकेची धारकता २,००० पिकोफॅरड आणि दाब २५,००० व्होल्ट धरल्यास साठलेली ऊर्जा सुमारे ०.६ ज्यूल भरते. याउलट २२० मायक्रोफॅरडचे मुख्य धारित्र ३२५ व्होल्टला सुमारे ११.६ ज्यूल ऊर्जा साठवते. म्हणजे ज्याची भीती कोणी सांगत नाही, त्या नळकांड्यात नलिकेच्या सुमारे १९ पट ऊर्जा असू शकते. नलिकेचा धक्का तीव्र व क्षणिक असतो. मुख्य धारित्राचा प्रवाह दोन हातांमधून छातीतून गेल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते.

नलिकेचा धक्का ऊर्जेने कमी असला, तरी तो निरुपद्रवी मानू नये. धक्का बसताच हात आपोआप मागे झटकला जातो. तो झटका नलिकेच्या मानेवर, धारदार पत्र्यावर किंवा शेजारच्या जिवंत भागावर आदळू शकतो. उचललेली नलिका हातातून सुटण्याची शक्यता असते. हृदयविकार असलेल्या किंवा हृदयगती नियंत्रक यंत्र बसविलेल्या व्यक्तीने उघड्या संचाजवळ थांबू नये.

नादुरुस्त संचाचा विशेष धोका

चालू स्थितीतील संच बंद केला की त्याची यंत्रणा मुख्य धारित्रातील बराचसा भार स्वतःच वापरून टाकते. ज्या संचाचा वीजपुरवठा विभाग बिघडलेला आहे, त्यात हा भार वापरणारे काहीच उरत नाही. परिणामी धारित्र भरते, परंतु रिकामे होत नाही. ‘संच मेलेला आहे, त्यात वीज कोठली?’ हा तर्क म्हणून उलटा ठरतो. बंद पडलेला संच हा चालू संचापेक्षा अधिक संशयाने हाताळावा लागतो.

जिवंत चासी

बहुतेक रंगीत आणि अनेक कृष्णधवल संचांत मुख्य वीज रोहित्राविना थेट किटच्या एका भागात येते. या भागाला कारागीर ‘हॉट’ बाजू म्हणतात. बऱ्याच फलकांवर हा भाग जाड रेषेने किंवा विजेच्या चिन्हाने वेगळा दाखविलेला असतो. वायर सॉकेटमध्ये असताना या बाजूचा पत्रा, उष्णता सोडणारी ॲल्युमिनियमची पट्टी किंवा स्क्रूदेखील जिवंत असू शकतो. जुन्या दोन पिनांच्या प्लगमध्ये तो कसाही उलटसुलट बसविता येत असल्याने काही संचांची संपूर्ण चासी थेट फेजला जोडली जाते.

रिमोटने बंद केलेला संच खऱ्या अर्थाने बंद नसतो. पुढील दिवा विझलेला असला, तरी मुख्य धारित्र पूर्ण दाबाने भारित राहते. यासाठी पेटी उघडण्यापूर्वी केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग सॉकेटमधून काढून तो डोळ्यांसमोर ठेवणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

निर्वात नलिका आणि अंतःस्फोट

चित्रनलिकेतील हवा जवळजवळ पूर्णपणे काढून घेतलेली असते. बाहेरील वातावरण तिच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका भार टाकत असते. ५१ सेंटिमीटर कर्णाच्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे १,२५० चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे एकट्या पडद्यावरच सव्वा टनाइतका भार अहोरात्र असतो. काच फुटल्यास हवा वेगाने आत घुसते, तुकडे प्रथम आत ओढले जातात आणि मग समोरच्या बाजूने बाहेर फेकले जातात. यास अंतःस्फोट म्हणतात.

नंतरच्या काळातील नलिकांच्या पडद्याभोवती घट्ट आवळलेला पोलादी पट्टा असतो. काच फुटली तरी तुकडे दूर उडू नयेत, यासाठी त्याची योजना आहे. हा पट्टा कापू अथवा सैल करू नये. अगदी जुन्या संचांत असा पट्टा नसून पडद्यापुढे स्वतंत्र संरक्षक काच असते. ती काढल्यावर नलिका पूर्णपणे उघडी पडते. नलिकेचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे तिची मान. मानेला धरून नलिका कधीही उचलू नये, तसेच संच मागच्या बाजूने भिंतीला ढकलू नये.

अन्य धोके

फनेलच्या काचेत शिशाचे ऑक्साइड मोठ्या प्रमाणात असते. रंगीत नलिकेत ते वजनाच्या सुमारे २० ते २५ टक्के असू शकते. अखंड काचेतून शिसे बाहेर येत नाही. काच फोडली, दळली किंवा भट्टीत टाकली तर ते धूळ व धुराच्या रूपाने पसरते. पडद्याच्या आतील प्रकाशमान भुकटीही श्वासावाटे किंवा जखमेतून शरीरात जाऊ देऊ नये.

संचाचे वजन हा कमी लेखला जाणारा धोका आहे. २१ इंची रंगीत संच २० किलोग्रॅमहून अधिक, तर २९ इंची संच ४० किलोग्रॅमहून अधिक भरू शकतो. जवळजवळ सर्व वजन पडद्याच्या बाजूला असल्याने मागचे झाकण काढताच संच पुढे कलंडतो.

वर्षानुवर्षे बंद असलेल्या संचात धुळीसोबत झुरळे, पालीची अंडी, मुंग्यांची वारुळे किंवा उंदराने कुरतडलेल्या तारा आढळतात. कुरतडलेल्या तारेचे तांबे उघडे पडलेले असते. त्यामुळे आत हात घालण्यापूर्वी विजेरीच्या उजेडात सर्व भाग नीट पाहावा.

संच उघडावा की नाही

पेटी उघडण्यापूर्वी उद्देश निश्चित करावा. केवळ बाहेरील धूळ झाडणे, अँटेनाची जोडणी तपासणे किंवा रिमोटचा दोष पाहणे यांसाठी पेटी उघडण्याची गरज नसते. पुढील परिस्थितीत संच उघडू नये :

१. नलिकेच्या काचेला तडा किंवा मानेला चीर दिसत असेल.
२. संच पावसात भिजलेला किंवा पुराच्या पाण्यात राहिलेला असेल आणि पूर्ण वाळलेला नसेल.
३. घरात दुसरी प्रौढ व्यक्ती उपस्थित नसेल.
४. लहान मुले किंवा पाळीव प्राणी यांना त्या खोलीपासून दूर ठेवणे शक्य नसेल.
५. संच चालू ठेवून आतील जुळवणी करणे आवश्यक असेल. हे काम प्रशिक्षित कारागिराचेच आहे.

पूर्वतयारी

जागा कोरडी आणि उजेडाची असावी. फरशी ओली असल्यास किंवा कोकणातील पावसाळ्यासारखी दमट हवा असल्यास काम पुढे ढकलावे. संच मजबूत, बसक्या टेबलावर किंवा जमिनीवरील जाड सतरंजीवर ठेवून पडद्याच्या बाजूला आधार द्यावा. उचलण्याचे काम दोघांनी, पडदा छातीकडे घेऊन करावे.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, गळ्यातील साखळी किंवा मंगळसूत्र काढून ठेवावे. डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा आणि पायांत रबरी तळाची कोरडी पादत्राणे असावीत. संगणकाच्या दुरुस्तीत स्थितिक विजेपासून भागांचे रक्षण करण्यासाठी मनगटाला जो अर्थिंगचा पट्टा बांधतात, तो येथे मुळीच बांधू नये. तो माणसाला थेट जमिनीशी जोडतो आणि धक्क्याची वाट मोकळी करून देतो.

साधने पुढीलप्रमाणे असावीत : जाड प्लास्टिकच्या मुठीचा लांब चपटा स्क्रू ड्रायव्हर, लांब दांड्याचा चौफुली स्क्रू ड्रायव्हर, दोन्ही टोकांना क्लिपा असलेली जाड वेष्टनाची वायर, मल्टिमीटर, २ ते ३ किलोओहमचा किमान १० वॅटचा रोधक, विजेरी आणि कोरडा मऊ ब्रश. रोधकाच्या दोन्ही टोकांना वेष्टन असलेल्या वायरी घट्ट जोडून घ्याव्यात, म्हणजे रोधकाला हात लावावा लागत नाही. क्लिपांची वायर आतून तुटलेली नाही, याची मल्टिमीटरने आधीच खात्री करावी. वायर तुटकी असेल तर भाराला जमिनीकडे जाण्यासाठी धरणाऱ्याचा हातच उरतो.

उघडण्याचा क्रम

प्रथम संच बटणाने बंद करून प्लग काढावा. केबल, अँटेना व ध्वनीच्या सर्व जोडण्या सोडवाव्यात. शक्य असल्यास संच एक रात्र तसाच ठेवावा. प्रतीक्षेमुळे धोका कमी होतो, परंतु नाहीसा होत नाही.

मागच्या झाकणाचे स्क्रू कडेला, तळाशी आणि जोडण्यांच्या खाचांजवळ असतात. काही स्क्रू खोल भोकांत दडलेले असतात. सर्व स्क्रू निघाल्यावरही झाकण न हलल्यास जोर लावू नये. एखादा स्क्रू राहिलेला असतो किंवा प्लास्टिकची खुंटी अडकलेली असते. झाकण तिरके न करता सरळ मागे ओढावे, कारण नलिकेची मान झाकणाच्या पोकळीत आत गेलेली असते. पहिले दोन-तीन सेंटिमीटर सरकवून थांबावे व ध्वनिक्षेपकाच्या किंवा अँटेनाच्या तारा झाकणाला जोडलेल्या आहेत का, ते पाहावे.

झाकण निघाल्यावर लगेच आत हात घालू नये. आधी धनाग्राची रबरी टोपी, उघडी विणलेली तार, मान व तिच्यावरील फलक, आणि मुख्य धारित्र ही चार ठिकाणे नजरेने निश्चित करावीत. हेतू केवळ धूळ झाडण्याचा असेल, तरी पुढील दोन्ही कृती केल्याशिवाय कोणत्याही भागाला स्पर्श करू नये.

नलिका भारमुक्त करणे

१. वायरीची एक क्लिप नलिकेभोवतीच्या उघड्या विणलेल्या तारेला घट्ट लावावी. ती किटच्या कोणत्याही पत्र्याला लावू नये. बाहेरील लेपाचा परतीचा मार्ग विणलेल्या तारेतूनच असतो. अन्यत्र लावल्यास भार नाजूक भागांतून जाऊन ते जळू शकतात.

२. दुसरी क्लिप चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या धातूच्या दांड्याला लावावी.

३. एक हात पाठीमागे किंवा खिशात ठेवावा. दुसऱ्या हाताने स्क्रू ड्रायव्हर केवळ मुठीच्या टोकाला धरावा. बोटे धातूजवळ जाऊ देऊ नयेत.

४. चपटे टोक रबरी टोपीच्या कडेखालून हळूच आत सरकवून मधल्या धातूच्या आकड्याला टेकवावे. काचेवर दाब देऊ नये. ‘फट्’ असा आवाज किंवा ठिणगी आल्यास भार उतरला असे समजावे. आवाज आला नाही तरी टोक काही सेकंद तसेच टेकवून ठेवावे.

५. दहा मिनिटांनी हीच कृती पुन्हा करावी. काचेत मुरलेला भार काही वेळाने पुन्हा पृष्ठभागावर येतो. त्यामुळे एकदा भारमुक्त केलेल्या नलिकेतही थोडा दाब नव्याने निर्माण होतो. अनुभवी कारागिरांनाही धक्का बसतो तो पुष्कळदा या दुसऱ्या भाराचा.

साध्या मल्टिमीटरने धनाग्रावरील दाब मोजण्याचा प्रयत्न करू नये. तो साधारणतः ६०० ते १,००० व्होल्टपर्यंतच्या दाबासाठी बनविलेला असतो. घरगुती टेस्टरचा दिवा न लागणे हासुद्धा भार नसल्याचा पुरावा नव्हे.

मुख्य धारित्र भारमुक्त करणे

मल्टिमीटर एकदिश विजेच्या ६०० व्होल्ट किंवा त्यावरील टप्प्यावर ठेवून धारित्राच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. ही टोके किटच्या खालच्या बाजूस असतात. किट खाचेतून अलगद मागे सरकवल्याशिवाय ती दिसत नाहीत. किट सरकवताना ते कडेने, प्लास्टिकच्या चौकटीला धरावे आणि बोटे खालील डागांना लागू देऊ नयेत. टोके कोणती, याची खात्री होत नसल्यास किंवा किट न ओढता तेथवर पोहोचता येत नसल्यास काम येथेच थांबवून झाकण परत लावावे.

दाब आढळल्यास वायरी जोडलेला रोधक दोन्ही टोकांना काही सेकंद टेकवून ठेवावा. २२० मायक्रोफॅरडचे धारित्र २.२ किलोओहमच्या रोधकातून तीन सेकंदांच्या आत जवळजवळ रिकामे होते. त्यानंतर पुन्हा मोजून दाब १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करावी. काही जण स्क्रू ड्रायव्हरने दोन टोके थेट जोडतात. या पद्धतीत मोठी ठिणगी उडते, वितळलेल्या धातूचे कण डोळ्यांत जाऊ शकतात आणि फलकावरील तांब्याची पट्टी जळते. म्हणून ही पद्धत टाळावी.

साफसफाई आणि संच बंद करणे

दोन्ही ठिकाणे भारमुक्त झाल्यावर धूळ कोरड्या मऊ ब्रशने वरून खाली झाडावी. नाकातोंडावर कापड बांधावे. ओले फडके, साबणाचे पाणी किंवा फवारा वापरू नये. फनेलवरील काळा लेप पुसून काढू नये. तो मळ नसून विद्युतवाहक थर आहे व पाण्याने तो निघून जाऊ शकतो. मानेवरील लहान चुंबकीय कडी आणि योक यांना हलवू नये. ती रंगाच्या ठिपक्याने किंवा चिकट द्रव्याने पक्की केलेली असतात व जागेवरून सरकल्यास रंग व चित्र बिघडते.

रबरी टोपीभोवती साचलेली धूळ दमट हवेत विजेला वाट देते. पावसाळ्यात जुना संच सुरू करताना येणारा चटचट आवाज बहुधा याच ठिकाणाहून येतो. असा आवाज आल्यास संच ताबडतोब बंद करावा. तडकलेली किंवा कडक झालेली टोपी कारागिराकडून बदलून घ्यावी.

झाकण लावण्यापूर्वी विणलेली तार लेपाला पूर्ववत टेकलेली आहे, मानेवरील फलक घट्ट बसला आहे आणि आत एखादा स्क्रू किंवा साधन राहिलेले नाही, हे तपासावे. सर्व स्क्रू लावल्यानंतरच प्लग जोडावा.

प्रचलित गैरसमज

‘प्लग काढला की धोका संपला’ हा सर्वांत घातक समज आहे. त्याची कारणे वर दिली आहेत.

घरात गळतीरोधक स्विच बसविलेला असल्यास धक्का बसत नाही, असेही मानले जाते. हा स्विच घरातील वाहिनीतून होणारी गळती ओळखतो. प्लग काढलेल्या संचातील साठलेला भार त्याच्या कक्षेत येतच नाही.

बंद संचातून क्ष-किरण बाहेर पडतात, ही समजूतही चुकीची आहे. उच्च दाबाचे इलेक्ट्रॉन पडद्यावर आदळताना अल्प प्रमाणात क्ष-किरण निर्माण होतात व ते जाड काचेत शोषले जातात. संच बंद असताना ते निर्माणच होत नाहीत.

रबरी हातमोजे घातले की पुरे, असे अनेकांना वाटते. घरकामाचे किंवा बागकामाचे मोजे २५,००० व्होल्टसाठी बनविलेले नसतात. त्यांना पडलेले सूक्ष्म छिद्र डोळ्यांना दिसत नाही.

अपघात झाल्यास

संच वीजवाहिनीला जोडलेला असताना धक्का बसल्यास अपघातग्रस्ताला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्यास दूर सारावे. व्यक्ती प्रतिसाद देत नसेल व श्वास चालू नसेल, तर ११२ किंवा महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर साहाय्य मागवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. धक्का सौम्य वाटला, तरी छातीत धडधड, चक्कर किंवा हाताला बधिरपणा जाणवल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नलिका फुटल्यास खोलीतील सर्वांनी बाहेर जावे व खिडक्या उघडाव्यात. काही वेळाने मोजे घालून काच जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरावी आणि उरलेली भुकटी ओल्या कागदाने टिपून घ्यावी. झाडूने धूळ उडवू नये.

विल्हेवाट

जुन्या संचातील तांब्याला भंगार बाजारात भाव असतो. योक लवकर काढता यावा म्हणून काही ठिकाणी नलिकेची मान हातोडीने तोडली जाते. हे काम करणाऱ्यांच्या अंगावर पुरेशी संरक्षक साधने नसतात, आणि उरलेली शिसेयुक्त काच मोकळ्या जागेत किंवा नाल्याकाठी टाकली जाते. घरातून भंगारात दिलेला संच अशा रीतीने दुसऱ्याच्या हाती धोका सोपवतो.

भारतात ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. दूरचित्रवाणी संचांचा त्यांच्या कक्षेत समावेश आहे आणि अशा वस्तूंचे पुनर्चक्रण नोंदणीकृत संस्थांकडूनच होणे अपेक्षित आहे. म्हणून निरुपयोगी संच न उघडता, नलिका अखंड ठेवून, नगरपालिकेच्या ई-कचरा संकलनात किंवा नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रात द्यावा. पेटी अन्य उपयोगासाठी हवी असल्यास नलिका कारागिराकडून काढून घ्यावी, पडदा खाली करून जाड कापडात गुंडाळावी आणि धनाग्र व बाहेरील लेप तारेने जोडून ठेवावेत, जेणेकरून नलिकेत पुन्हा भार साठणार नाही. खोक्यावर ‘काच – निर्वात नलिका’ असे ठळक अक्षरांत लिहावे. खोके पुढे उचलणाऱ्याला आत काय आहे, हे त्यावरूनच कळते.